हळद लागलेले कोयते

भिवंडीत नारपोलीच्या नाक्यावरचा रसवंतीवाला टिपणीसकाकांना लांबून येताना बघायचा आणि हातातला ऊस चरकात घालायचा थांबायचा. घालून उपयोग नसायचा. काका येणार, मोळीतला सगळ्यात जाड ऊस निवडणार, त्याच्या बुडख्याकडचं कांडं मागून घेणार आणि खिशातला स्वतःचा चाकू काढून ते उभं चिरून उन्हात धरून बघत उभे राहणार. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली, मोटर फुकट फिरतेय, चरकाची घुंगरं वाजताहेत.

“निकला क्या कुछ, काका?” तो विचारायचा.

“निकला,” काका खालच्या आवाजात सांगायचे आणि लगेच घाईघाईनं पुढे, “लेकिन रस पीने को कुछ हरकत नहीं. आदमी को कुछ नहीं होता. नुकसान सिर्फ ऊस का.”

एवढं बोलून ते स्वतः दोन ग्लास रस प्यायचे, आलं-लिंबू घालून, बर्फ नको. कॉलेज सुटल्यावर मी पुष्कळदा त्यांच्याबरोबर असायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, रस्त्यात उभं राहून झाडपाल्याकडे टक लावून बघण्याची मलाही सवय आहे, पण लोकांची रसाची तहान अडवून नाही.

“हे बघ, सुनंदा,” म्हणत काका ते कांडं माझ्या नाकासमोर धरायचे. पेराच्या आतल्या फिकट गरात टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी-तांबडे ठिपके दिसायचे, कधी चार, कधी दाटीवाटीनं पुष्कळ. “आणि वरून काय दिसत होतं?”

“काही नाही.”

“तेच तर,” काका म्हणायचे आणि चाकू पुसून खिशात ठेवायचे.

दिनकर टिपणीस आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचे. घराणं मूळचं भिवंडीचंच, आजोबा कोर्टात कारकून होते. पण काकांची सगळी नोकरी घाटावर, एका सरकारी ऊस संशोधन केंद्रात गेली आणि दोन हजार साल उलटल्यावर ते निवृत्त होऊन गावी परतले. भिवंडीत उसाच्या शास्त्रज्ञाचं काय काम? इथं कापड विणलं जातं, पावसाळ्यात भात लावला जातो, आणि तेव्हा तर शेलार गावापासून पुढे भाताच्या जमिनीवर गोडाऊनं उठायला लागली होती. लूमचा चांगला फिटर असता तर लोकांनी डोक्यावर घेतला असता. काकांना लोक ‘ते साखरेवाले’ म्हणून ओळखायचे, आणि एकानं तर त्यांना रेशनवर साखर कधी येणार तेही विचारलं होतं. काकांनी त्याची माफी मागितली.

माफी हा त्यांचा श्वासोच्छ्वास होता. वर माझ्या मजल्यावर पाणी आलं नाही तरी तेच “सॉरी हं” म्हणायचे. लोडशेडिंग सुरू झालं, शेजारचे लूम बंद पडले आणि अचानक शांतता झाली, की लूमच्या खडखडाटात मोठ्यानं बोलायची सवय झालेल्या काकांचा आवाज एकदम सगळ्या जिन्यात घुमायचा आणि ते ओशाळून हाताचा पंजा तोंडावर ठेवायचे. त्यांना कुणी चांगलं म्हटलेलं खपायचं नाही. त्यांची बायको, मालतीकाकू, याला आजार समजायची. “बाकीच्यांना निंदेनं पित्त होतं, ह्यांना स्तुतीनं होतं,” ती म्हणायची. “काल पोह्यांना मदत केली म्हणून छान म्हटलं, तर उठून गच्चीवर गेले.”

दुसरी गोष्ट चाकूची. काकांच्या घरात कुठलंही पातं उकळत्या पाण्यात बुडवल्याशिवाय दुसऱ्या वस्तूला लागत नसे. काकू म्हणायची, “आमच्याकडे कोथिंबिरीच्या आधी विळीची आंघोळ.” तुळशीच्या लग्नाला मांडवासाठी ऊस आणले, तर भटजी मंगलाष्टकं म्हणायच्या तयारीत उभे आणि काका मांडवाच्या खांबाचं बूड चिरून बघताहेत. काकूनं तेव्हा सगळ्यांसमोर त्यांच्या हातून चाकू काढून घेतला. सगळे हसले, काकाही हसले, पण ते लग्न होईपर्यंत उसांकडे बघायचे थांबले नाहीत.

ह्या सगळ्यामागे काय आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. त्यांचं काम मात्र मला पक्कं माहीत होतं, कारण मीच त्यांना वर्गावर घेऊन गेले होते. उसाला एक जिवाणूचा रोग होतो. जिवाणू उसाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत राहतो. पानावर डाग नाही, खोडावर फोड नाही, खूण एवढीच, पेराच्या आतले ते ठिपके. एका उसातून दुसऱ्या उसात तो कोयत्याच्या पात्यावरून जातो, आणि बेण्याबरोबर, म्हणजे लावायला कापलेल्या कांड्यांबरोबर, एका शेतातून दुसऱ्या शेतात. पहिलं पीक बरं येतं. ते तोडल्यावर त्याच बुडख्यातून जो खोडवा फुटतो तो खुजा राहतो, त्याच्या पुढचा आणखी खुजा. उसाच्या नव्या जातींपैकी कोणती ह्या रोगाला दाद देत नाही हे तपासणं काकांकडे होतं.

वर्गात ते उत्तम शिकवायचे. “दोन शब्दांत गल्लत करू नका,” त्यांनी फळ्यावर लिहिलं. “प्रतिकारक जात रोगाला दारातच अडवते. सहनशील जात त्याला घरात घेते आणि चेहऱ्यावर काही दाखवत नाही. शेतकऱ्याला दोघी सारख्याच दिसतात. पण दुसरीचं बेणं जाईल तिथं रोग जाईल.”

मागच्या बाकावरून शबाना नावाच्या मुलीनं हात वर केला. “सर, और तीसरी? म्हणजे जिच्यापर्यंत रोग पोचलाच नाही, ती?”

काकांचा खडू फळ्यावरच राहिला. चेहरा असा उतरला की पुढच्या बाकावरच्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या.

“तिची परीक्षाच झालेली नसते,” ते म्हणाले. “तिला पास म्हणू नये.”

तास संपायला अजून वेळ होता. काका “सॉरी हं” म्हणून खाली उतरले आणि स्टाफरूममध्ये चहा ओतून ठेवला होता तो न घेताच घरी गेले. मला वाटलं साखर कमी झाली असेल. साखरेवाल्याची साखर कमी झाली, असा पाचकळ विनोदही मी स्टाफरूममध्ये करून घेतला.

खरं कळलं ते आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सत्काराच्या दिवशी. मंडळाला दर वर्षी कुणाचा तरी सत्कार करायचा असतो, आणि डॉक्टर, वकील, मुख्याध्यापक सगळे करून झाले होते. अध्यक्ष एक निवृत्त वकील होते, त्यांना काका सापडले. काकांनी पहिल्यांदा नाही म्हटलं, दुसऱ्यांदाही नाही म्हटलं, आणि तिसऱ्यांदा, कुणाला अपेक्षा नसताना, हो म्हणाले. काकू खूश झाली. तिनं त्यांच्या शर्टाला स्वतः इस्त्री केली.

शाल झाली, नारळ झाला. अध्यक्षांनी ‘भिवंडीच्या सुपुत्राचा ऊस महाराष्ट्रभर पिकतो’ असं काहीतरी भाषण केलं. मग काका उठले. शाल त्यांनी घडी करून खुर्चीवर ठेवली.

“मी जी जात पास केली ती आज पुष्कळ शेतांत आहे, हे खरं आहे,” ते म्हणाले. “ती मी खोटी पास केली. ते मला सांगायचं आहे.”

सभागृहात थोडी कुजबुज झाली. काका शांतपणे सांगत होते. चाचणीसाठी प्रत्येक जातीची बेणी रोगट उसाच्या रसात बुडवलेल्या कोयत्यानं कापायची, मग लावायची आणि पीक व खोडवा असे दोन्ही तपासायचे, अशी पद्धत होती. सगळ्या जाती कापून झाल्या, एक उरली, आणि मध्ये खंडेनवमी आली. मजुरांनी कोयते घासून पुसून ओळीनं मांडले. पूजेला साहेबांना बोलावलं. काकांनी स्वतः प्रत्येक कोयत्याला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, नमस्कार केला. दसऱ्यानंतर उरलेली जात कापली गेली.

“संध्याकाळी मी शेतावर गेलो. रसाची बादली रिकामी होती. मला वाटलं, संपली. कोयते बांधावर ठेवले होते. त्यांच्या पात्यांवर हळद तशीच होती. रसात बुडवलेल्या पात्यावर हळद राहत नाही. हे मला त्याच क्षणी कळलं.”

नवस-सायास करून जन्माला आलेलं मूल असावं तशी ती जात होती. उंच, गोड, वरिष्ठांच्या मनात भरलेली. चाचणी पुन्हा करायची तर पहिलं पीक आणि खोडवा मिळून आणखी दोन वर्षं गेली असती. “मुकादमाला एक प्रश्न विचारायचा होता,” काका म्हणाले. “मी विचारला नाही. विचारला असता तर त्यानं खरं सांगितलं असतं.” बाकीच्या सगळ्या जातींत ठिपके निघाले आणि ही एकच स्वच्छ निघाली. काकांनी सही केली. काही वर्षांनी खोडवे खुजे पडल्याच्या तक्रारी यायला लागल्या तेव्हा त्यांनी मुकादमाला विचारलं. तो सहज म्हणाला, “पुजलेल्या कोयत्याला रोगाचं पाणी कसं लावायचं, साहेब? बादली वतून दिली बांधावर. पूजा तर तुमीच केली न्हवं का?”

इथं सभागृहात मोठा हशा झाला. अध्यक्ष तर पोट धरून हसले.

“मी वरती कळवलं,” काका हशातूनच बोलत राहिले. “जात शेतोशेती गेली होती. आता बोलून काय, असं मला सांगण्यात आलं. मीही मग बोललो नाही. शेतकऱ्यांना वाटलं खत कमी पडलं, पाणी चुकलं, आपलंच काहीतरी चुकलं. ते स्वतःला दोष देत राहिले. तेव्हा हा सत्कार…”

अध्यक्षांनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. ते उठले, काकांच्या खांद्यावर शाल पुन्हा घातली आणि माइकमध्ये म्हणाले, “याला म्हणतात विनय! एवढा मोठा माणूस, पण पाय जमिनीवर!” टाळ्या पडल्या. कितीतरी वेळ पडत राहिल्या. काका शालीत उभे होते आणि त्यांचे कान लालबुंद झाले होते. मला समोर बघवेना. एक माणूस आपलं काळीज काढून पुढे ठेवतो आणि लोक ते कौतुकानं त्याच्या खिशात परत घालतात, हे मी प्रथमच बघत होते. मला आमच्या सगळ्या गावाची लाज वाटली.

घरी येताना काकूनंच विचारलं, “बोललात एकदाचं. बरं वाटलं का?”

“ऐकलं कुणी?” काका म्हणाले.

एकानं ऐकलं नव्हतं, पण वाचलं होतं. आमच्याकडच्या एका साप्ताहिकात ‘ऊसतज्ज्ञ टिपणीस यांचा गौरव’ म्हणून फोटो आला आणि तो बघून खारबावचा काशीनाथ पाटील खांद्यावर उसाची मोळी घेऊन नारपोलीत हजर झाला. पाटलांची बरीच जमीन गोडाऊनवाल्यांकडे गेली होती, घर दुमजली झालं होतं, पण विहिरीजवळच्या तुकड्यात त्यानं हौसेनं ऊस लावला होता. तुळशीच्या लग्नाला विकायचा आणि उरलेला स्वतःच्या रसवंतीला. सगळ्या खाडीपट्टीत भातच भात आणि मधे ह्याचा हिरवागार ऊस, त्याला मोठा तोरा होता.

“पयल्या सालाला माज्या डोक्याच्या वर गेलता, साहेब,” तो सांगत होता. “आता बगा ना. कंबरंला लागतोय. काय चुकतंय माजा, तेवडा सांगा.”

“बेणं कुठून आणलं?” काकांनी विचारलं.

“घाटावरना. चांगल्या जातीचा हाय.” आणि त्यानं मोठ्या अभिमानानं त्या जातीचा नंबर सांगितला.

काका खुर्चीत बसले. काकूनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “सुनंदा, तू जा ह्यांच्याबरोबर. एकटे गेले तर सगळ्या खारबावची माफी मागून येतील.”

आम्ही गेलो. काकांनी काशीनाथच्या शेतात इकडचा एक, तिकडचा एक असे ऊस काढून चिरले. सगळ्यांत ठिपके. त्यांनी ते काशीनाथला दाखवले आणि रोग बेण्यातून आला आहे, खताचा, पाण्याचा काही दोष नाही, असं समजावून सांगितलं.

“पान्याचा न्हाय?” काशीनाथनं विचारलं. “खाऱ्या पान्याचा न्हाय?”

“नाही.”

काशीनाथची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तिथंच उभी राहिली. “मंग नामदेवभावोजींचा काय?” ती नवऱ्याला म्हणाली. “त्यांना बोल्लास त्याचा काय?”

नामदेव हा काशीनाथचा धाकटा भाऊ. त्याचं शेत खाडीच्या बाजूला, आणि खाडीच्या बांधातलं पाणी सोडायचं दार, म्हणजे उघाडी, त्याच्या हातात. तो कोळंबी करायचा. ऊस खुजा पडायला लागल्यावर काशीनाथनं ठरवून टाकलं की नामदेव मुद्दाम उघाडी उघडी ठेवतो आणि खारं पाणी आपल्या उसात सोडतो. गावकीत, चारचौघांत त्यानं भावाला चोर म्हटलं. नामदेवनं देवाची शपथ घेतली तर तीही खोटी म्हटलं. त्यानंतर नामदेवच्या मुलीचं लग्न झालं आणि सख्खा काका समोरच्या घरात दार लावून बसला. भाऊभाऊ समोरासमोर राहत होते आणि एकमेकांच्या अंगणाकडे पाठ करून दात घासत होते. हे सगळं काशीनाथच्या बायकोनं सांगितलं. तो उसाकडे बघत राहिला होता.

परतताना रिक्षात काका एवढंच बोलले. “खुजा ऊस मी मोजला होता, सुनंदा. भाऊ मोजले नव्हते.”

आता शहाण्या माणसानं काय करावं? सरळ नामदेवकडे जावं. काकांनी तसं केलं नाही. ते उसाच्या मागे लागले. बेणी गरम पाण्यात, बरोबर पन्नास अंशांवर, दोन तास ठेवली तर आतला जिवाणू मरतो आणि बेणं जगतं. ऊस परत चांगला करून देतो, म्हणजे सगळंच सावरेल, असं त्यांनी मनाशी धरलं असावं. मला ते भित्रेपणाचं वाटलं आणि मी तसं तोंडावर बोललेही. “हो, भित्रेपणाच आहे,” काका म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मुश्ताकभाईंकडे गेले.

मुश्ताकभाईंचं सायझिंग नारपोलीत होतं. सायझिंग म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना, तिथं बॉयलर, वाफ, मोठाल्या टाक्या सगळं असतं. “टिपणीससाब, सूत का तो रोज करते हैं, गन्ने का भी कर देंगे,” ते म्हणाले आणि सुट्टीच्या दिवशी एक टाकी धुऊन दिली. काशीनाथ गोणपाटात बेणी घेऊन आला. काका उष्णतामापक हातात धरून टाकीवर वाकून बसले होते, घामानं निथळत, आणि मला वाटतं त्या दिवशी मी त्यांना खरोखर आनंदात बघितलं. वाफ किती सोडायची ते हातानं खुणा करून कामगाराला सांगत होते. पण मुश्ताकभाई यजमान माणूस. चहा मागवला होता, समोसे मागवले होते. “पाच मिनट, साब.” काकांना नाही म्हणता येईना. ते ऑफिसात गेले.

परत आले तर पाण्यात बोट घालवत नव्हतं. कामगार बिचारा आपण होऊन काळजी घेत होता. “पानी ठंडा लग रहा था, साब, तो थोडी भाप और मार दी.”

काकांनी एक कांडं बाहेर काढून पेरावरचा डोळा नखानं उकरला. आत तपकिरी झाला होता. दुसरं काढलं, तेही तसंच. ज्या डोळ्यातून कोंब फुटायचा ते सगळे डोळे शिजले होते.

मुश्ताकभाई कामगारावर ओरडायला लागले. काकांनी त्यांना हातानं थांबवलं. “उसका कुछ नहीं. मैं समोसा खा रहा था,” ते म्हणाले. मग काशीनाथकडे वळून मराठीत, “पाटील, तो ऊस आता मुळासकट काढून टाकावा लागेल. आणि त्याच्या आधी आपल्याला तुमच्या भावाकडे जायला हवं.”

“मी न्हाय येयाचा,” काशीनाथ म्हणाला. “माजा तोंड न्हाय त्याला दाखवायला.”

“मग मी जातो.”

नामदेव पाटील ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. भावापेक्षा काटक, कमी बोलणारा. काकांना त्यानं बसा म्हटलं नाही, ते उभ्यानंच बोलले. सत्कारात सांगितलं होतं तेच सगळं, पण इथं एकेक शब्द त्यांच्या तोंडून जड होऊन येत होता. पूजा, हळद, रिकामी बादली, न विचारलेला प्रश्न, सही. समोरच्या घराच्या खिडकीत कुणीतरी उभं होतं, तो काशीनाथच असावा.

नामदेव हातातली सुई न थांबवता ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, “म्हंजी तुमाला त्याच टायमाला म्हाईत व्हता.”

“हो.”

“आन् गप ऱ्हायलाव.”

“हो.”

मला वाटलं आता नामदेव म्हणेल, जाऊ दे साहेब, तुमी एवढे आलाव. आपल्याकडे तसं म्हणायची रीत आहे. वयस्कर माणूस दारात येऊन चूक कबूल करतो तेव्हा समोरच्यानं त्याला खुर्ची द्यायची असते. मी मनातल्या मनात त्याला ते म्हणायला लावत होते. तो म्हणाला नाही.

“माजी पोर लगीन होऊन गेली,” नामदेव म्हणाला. “जाताना त्या समोरच्या घराकडं बगून रडत व्हती. काका आला न्हाय म्हून. तिला मी काय सांगू?”

काकांनी “माफ करा” म्हटलं नाही, मी लक्ष देऊन ऐकत होते. ज्या माणसाला पाणी आलं नाही तरी माफी मागायची सवय, त्याच्या तोंडातून तो शब्द इथं निघाला नाही. ते नुसते खाली मान घालून उभे राहिले, आणि लाजेनं मीही.

“काडायचा हाय ना त्यो ऊस?” नामदेवनं शेवटी विचारलं. “आयतवारी टॅक्टर आनतो. तुमी पन या.”

रविवारी आम्ही गेलो तेव्हा उन्हं चढली होती. नामदेव ट्रॅक्टरवर बसून तयार होता. काशीनाथच्या घराचं दार लावलेलं होतं. नामदेवनं काकांना विहिरीच्या बाजूच्या बांधावर बोट दाखवलं.

“तिकडं उबं ऱ्हावा,” तो म्हणाला. “आन् बगा.”

काका बांधावर जाऊन उभे राहिले. ट्रॅक्टर उसात शिरला. कमरेएवढा ऊस मोडत, बुडखे उपटून वर येत, नांगराच्या मागे काळी माती उलटत गेली. नामदेव एक फेरी झाली की वळताना काकांकडे बघायचा, ते आहेत ना याची खात्री करून घेतल्यासारखा, आणि पुन्हा आत शिरायचा. मी छत्री उघडून पुढे केली, तर काकांनी मान हलवली. काशीनाथची बायको मागच्या दारानं प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली आणि त्यांच्याजवळ ठेवून गेली. खुर्चीवर ते बसले नाहीत. शर्ट पाठीला चिकटला होता, पण नजर नांगरावरून हलत नव्हती. मला तिथं थांबवेना. माझी गाडीची वेळही झाली होती, मी त्यांना सांगितलं, ते “हो” म्हणाले, माझ्याकडे न बघता.

स्टेशनच्या वाटेला लागताना मी एकदा मागे वळून बघितलं. अर्धा ऊस गेला होता. काशीनाथच्या घराचं दार उघडलं होतं आणि तो अनवाणी, खांद्यावर टॉवेल टाकून, नांगरलेल्या ढेकळांतून चालत बांधाकडे येत होता. ट्रॅक्टर त्याच्या अगदी जवळून गेला. नामदेवनं त्याच्याकडे बघितलं नाही, पण त्याला अडवलंही नाही. काशीनाथ बांधावर चढला आणि हात पुढे बांधून, खाली बघत, काकांच्या शेजारी उभा राहिला. टिपणीसकाकांनी थोडं सरकून त्याला जागा दिली.